ताप येण्याआधीचा डोस

दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची सुई गेली की घरातल्या मोठ्या माणसांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आत्ताच पॅरासिटामॉल पाजून मोकळे व्हा, रात्र तरी धड जाईल. दुसरा म्हणतो, आधी ताप येऊ तर द्या. पहिल्याला दुसरा निर्दय वाटतो, दुसऱ्याला पहिला अडाणी. मला या वादात दोघांचीही थोडी थोडी बाजू घ्यावीशी वाटते, म्हणून तो दोन तोंडांनी मांडला आहे.

शकुंतलामावशी जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होत्या; आता निवृत्त. निनाद त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्यात बालरोगतज्ज्ञ. दोघांनाही मी कल्पनेतून उभं केलं आहे, त्यामुळे दोघंही खऱ्या माणसांपेक्षा जरा जास्त मुद्द्याला धरून बोलतात. तेवढं वाचकांनी चालवून घ्यावं.

मावशी : तुझ्या दवाखान्यात तो कागद कुणी चिकटवलाय रे? ‘लस देण्यापूर्वी बाळाला तापाचं औषध पाजू नये.’

निनाद : मीच.

मावशी : मग मी इतकी वर्षं आयांना काय सांगत होते? डोस झाला की औषध हातात द्यायचं, घरी गेल्या गेल्या पाज म्हणायचं. अर्धा तास बसवून ठेवायचं आणि चार गोष्टी सांगायच्या. कुठली लस कशासाठी दिली, काय त्रास होईल आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं.

निनाद : त्या चार गोष्टी तुझ्याइतक्या नीट माझ्याकडेही कुणी सांगत नाही. माझा आक्षेप फक्त ‘घरी गेल्या गेल्या’ला आहे. त्याच्याही पुढची मंडळी माझ्याकडे येतात. लसीला निघताना लिफ्टमध्येच ड्रॉप्स पाजून येतात. ‘डॉक्टर, आम्ही आधीच देऊन आणलंय हं,’ असं कौतुकानं सांगतात.

मावशी : त्यात वाईट काय? पोरगं रडत येण्यापेक्षा बरं.

निनाद : सुईच्या दुखण्यावर त्याचा काही उपयोग नाही, हे आधी बाजूला काढू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लस टोचतानाच्या वेदनेवर स्वतंत्र सूचना काढल्या. त्यात स्पष्ट आहे, टोचण्याची वेदना कमी व्हावी म्हणून तोंडावाटे वेदनाशामक देऊ नका. त्यापेक्षा आईनं बाळाला घट्ट जवळ धरावं, टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजावं, जी लस जास्त दुखते ती शेवटी द्यावी, आणि सुई घुसल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का ते बघत बसू नये, कारण तेवढा वेळ सुई मांडीत राहते.

मावशी : आम्ही उलट सांगायचो. टोचताना पाजू नको, ठसका लागेल. आणि पिस्टन ओढून बघायला तर आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं.

निनाद : मलाही कॉलेजात तेच शिकवलं. तर सुईचं रडणं दोन मिनिटांचं. खरा प्रश्न संध्याकाळी सुरू होतो.

मावशी : संध्याकाळी म्हणजे तुझा दवाखाना बंद झाल्यावर.

निनाद : हो, तसंच म्हण.

मावशी : मग त्या संध्याकाळचं सांगते. पेंटातला डांग्या खोकल्याचा भाग जंतू अख्खाच मारून केलेला. निम्म्या पोरांना ताप येतो त्यानं. मांडी लालबुंद होते, गाठ येते, पाय हलवू देत नाही पोर. कपडे बदलायला घेतलं तरी किंचाळतं. घरात सासू, जाऊ, आजेसासू. सगळ्या त्या आईलाच बोलतात, चांगलं हसतंखेळतं पोर नेलं होतंस, काय करून आणलंस? मग अडीच महिन्यांच्या डोसाला ती येते का? नाही येत. आशाताई बोलवायला गेली तर दारच उघडत नाही. मी म्हणते, दहा रुपयांच्या औषधानं जर ती रात्र टळत असेल, तर तू कशाला आडवा येतोस?

निनाद : आडवा मी येत नाही, एक चाचणी येते. तिचं ऐक आणि मग मला बोल. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चेक प्रजासत्ताकातलं एक संशोधन छापून आलं. रोमान प्रिमुला आणि सहकाऱ्यांचं. ४५९ बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटाला लसीनंतरच्या २४ तासांत ठरावीक अंतरानं पॅरासिटामॉलचे तीन डोस, ताप असो नसो. दुसऱ्या गटाला असं आगाऊ काही नाही. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, म्हणजे आपला शंभर पूर्णांक चार, औषध न घेतलेल्या गटात ६६ टक्के बाळांना आला आणि घेतलेल्या गटात ४२ टक्क्यांना.

मावशी : मग माझीच बाजू झाली की ती.

निनाद : इथपर्यंत तुझीच. पुढे त्यांनी बाळांचं रक्त तपासलं. लसीनं शरीरात प्रतिपिंडं किती तयार झाली, ते मोजलं. औषध घेतलेल्या गटात ती कमी निघाली. न्यूमोकॉकसच्या लसीतल्या प्रकारांविरुद्ध कमी, हिब जंतूविरुद्ध कमी, घटसर्प आणि धनुर्वाताविरुद्धही कमी, डांग्या खोकल्याच्या एका घटकाविरुद्धही कमी. म्हणजे ताप कमी केला आणि त्याच्याबरोबर लसीचं कामही थोडं कमी केलं.

मावशी : थोडं म्हणजे किती? त्या पोरांना पुढे घटसर्प झाला?

निनाद : नाही. तसं कुणी दाखवलेलं नाही. संरक्षणाला पुरेशी मानतात ती पातळी दोन्ही गटांतल्या बहुतेक बाळांनी गाठली होती.

मावशी : मग कागद कशाला चिकटवला?

(मावशींचा हा प्रश्न मला या सगळ्या वादातला सर्वांत रास्त वाटतो. रक्तातला आकडा खाली गेला म्हणजे मूल आजारी पडेल, असं त्या चाचणीनं सिद्ध केलं नव्हतं. पण तो निष्कर्ष जगभर पसरला तो मात्र ‘औषध दिलं की लस फुकट जाते’ अशा थाटात. काही घरांत आजही एकशे दोन तापात बाळ फणफणतं आणि लस वाया जाईल या भीतीनं कुणी त्याला औषध देत नाही. चेक डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं.)

निनाद : कारण फायदा किती आणि किंमत किती, हे बघावं लागतं. त्या चाचणीत साडेएकोणचाळीस अंशांच्या वरचा ताप दोन्ही गटांत फार थोड्यांना आला. म्हणजे जो ताप आपण आधीच औषध देऊन टाळला, तो बहुतेक वेळा साधाच होता, एका दिवसात आपोआप उतरणारा. त्याच्यासाठी सगळ्याच बाळांना तीन तीन डोस पाजायचे? ज्यांना ताप येणारच नव्हता त्यांनाही?

मावशी : एक विचारू? त्या पोरांना आपली पेंटा दिली होती का?

निनाद : नाही.

मावशी : हां.

निनाद : त्यांना डांग्या खोकल्याचे निवडक तुकडे असलेली लस दिली होती. आपल्याकडे खासगीत ‘पेनलेस’ म्हणून जिचे जास्त पैसे घेतात, ती जात. तिनं ताप कमी येतो, मांडी कमी सुजते.

मावशी : म्हणजे कमी तापाच्या लसीवर चाचणी घ्यायची आणि त्याचा कागद जास्त तापाच्या लसीच्या रांगेत लावायचा.

निनाद : माझ्या दवाखान्यात दोन्ही लसी असतात. पण तुझा मुद्दा खरा आहे, तो मी मान्य करतो. अख्ख्या जंतूच्या लसीबाबत ते आकडे तसेच्या तसे उचलता येणार नाहीत. आणि सरकारी लस तापट असली तरी हलकी नाही, हेही पालकांना सांगत असतो मी. अख्ख्या जंतूच्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा पूर्वी पहिल्या तीन डोसांना तिलाच पसंती देत होती; आता ती दोन्ही चालतील म्हणते. पेनलेसला जास्त पैसे मोजून लोक जास्त चांगली लस घेतल्याच्या समजुतीत राहतात.

मावशी : हे माझ्या ओट्यावर येऊन सांग. तिथं बायका म्हणतात, फुकटची म्हणून ताप येतो.

निनाद : अजून एक चाचणी आहे आणि ती तुला आवडेल. पोलंडमधली, २०१७ साली छापली गेली. पुन्हा न्यूमोकॉकसची लस आणि तुकड्यांची लस. या वेळी त्यांनी वेळ बदलून बघितली. काही बाळांना लसीबरोबरच पॅरासिटामॉल सुरू केलं आणि काहींना सहा ते आठ तास थांबून. लसीबरोबर घेतलेल्यांत न्यूमोकॉकसच्या काही प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडं कमी निघाली. थांबून घेतलेल्यांत तसा फरक दिसला नाही. पुढे बूस्टरच्या वेळी तर लसीबरोबर घेतलेल्यांतही दिसला नाही.

मावशी : असं का व्हावं?

निनाद : संशोधकांचा कयास असा, की सुई टोचल्यावर पहिल्या काही तासांतच शरीराच्या पेशी त्या जागी जमतात, लसीतला माल उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथींत नेऊन ओळख करून देतात. थोडी सूज, थोडी गरमी ही त्या कामाचीच खूण. त्याच तासांत आपण औषधानं ती दाबली, तर ओळख जरा कच्ची राहते. ओळख होऊन गेल्यावर औषध दिलं तर बिघडत नाही. हे अगदी असंच घडतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आधी दिलेला डोस आणि उशिरा दिलेला डोस यांत फरक दिसतो, एवढं खरं. म्हणून माझ्या कागदावर ‘पूर्वी’ लिहिलंय. ताप आल्यावर देऊ नका, असं कुठे लिहिलंय?

मावशी : लोक कागद अर्धाच वाचतात बाबा.

निनाद : हे मात्र खरं.

मावशी : आता माझं ऐक. आमच्या ओळखीतल्या सुनंदाची नात लंडनला झाली. तिथं नर्सनं म्हणे लसीआधीच सांगितलं होतं, घरात पॅरासिटामॉल आणून ठेवा, लस झाली की ताबडतोब द्या, तापाची वाट बघू नका. सुनंदानं मला फोन करून विचारलं, शकूताई, हे बरोबर का? मी म्हटलं, बघ, साहेबसुद्धा आमच्यासारखंच करतात.

निनाद : करतात. पण सगळ्या लसींना नाही. मेनिंगोकॉकस-बी नावाच्या जंतूविरुद्धची लस ब्रिटननं सप्टेंबर २०१५ पासून बाळांना द्यायला घेतली. तापाच्या बाबतीत ती भलतीच तिखट. इतर लसींबरोबर दिली की निम्म्याहून जास्त बाळांना ताप. म्हणून तिच्याबरोबर पॅरासिटामॉलचे तीन डोस, पहिला लस झाल्यावर शक्य तितक्या लवकर, पुढचे दोन चार ते सहा तासांच्या अंतरानं. ही सूचना देण्याआधी त्यांनी तपासून घेतलं होतं, की औषधामुळे या लसीची प्रतिपिंडं कमी होत नाहीत. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती लस नाही.

मावशी : पण त्यांनी असं का ठरवलं? ताप तर साधाच असतो म्हणालास ना.

निनाद : कारण... बरं, हे तुझ्या बाजूनं जाणारं आहे. दोन महिन्यांच्या बाळाला ताप आला की तिथले आईबाप त्याला इमर्जन्सीत नेतात. तिथले डॉक्टर धोका पत्करत नाहीत. रक्त तपासतात, कधी पाठीतून पाणी काढतात, अँटिबायोटिक सुरू करतात. ताप लसीचा असला तरी. आणि एकदा असं झालं की ते आईबाप पुढच्या डोसाला कचरतात.

मावशी : म्हणजे लंडनच्या आईला भीती वाटते म्हणून आगाऊ औषध द्यायचं, आणि माझ्या वाडीतल्या आईला भीती वाटते तर तिनं ताप बघत बसायचं.

निनाद : मावशी, तिथं त्यांनी त्या एका लसीपुरती चाचणी केली होती. तू म्हणतेस त्यासाठी अख्ख्या जंतूच्या लसीवर तशीच चांगली चाचणी करावी लागेल.

मावशी : कर मग. पेंटा पुण्यातच तयार होते, तिथल्या तिथं होऊन जाईल.

(इथे निनाद काही बोलला नाही, आणि लेखक म्हणून मलाही त्याच्या तोंडी घालायला उत्तर सापडलं नाही. जगातली लसींची मोठी निर्मिती पुण्यात होते, अख्ख्या जंतूची पेंटा देशभरातल्या बाळांना दिली जाते. पण डॉक्टर आपसांत वाद घालताना आधार घेतात तो चेक प्रजासत्ताक आणि पोलंडमधल्या, वेगळी लस घेतलेल्या बाळांचा.)

निनाद : बरं, आता तू सांग. तुझ्या पिशवीत काय असायचं? सिरप, ड्रॉप्स की गोळ्या?

मावशी : जे येईल ते. सिरप आलं तर सिरप. नसलं तर मोठ्यांची पाचशेची गोळी. तिचे तुकडे करायचे आणि आईला सांगायचं, एवढासा चुरून आईच्या दुधात दे.

निनाद : एवढासा म्हणजे केवढा?

मावशी : पोर बघून.

निनाद : खरं भांडण मला इथं करायचंय. आगाऊ की नंतर, यावर तू-मी रात्रभर वाद घालू शकतो. बाळाला त्यानं फार मोठा धोका नाही. मात्रेत मात्र धोका आहे. वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, हा हिशेब. दीड महिन्याचं बाळ साडेचार किलोचं धर. त्याला एका वेळी साधारण ५० मिलिग्रॅम पुरे. आता मेडिकलमध्ये जा. ड्रॉप्सच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. म्हणजे अर्धा मिली. लहान मुलांच्या साध्या सिरपात पाच मिलीत १२० मिलिग्रॅम. म्हणजे दोन मिली. आणि जोरकस सिरप, जे थोड्या मोठ्या पोरांना देतात, त्यात पाच मिलीत २५०. म्हणजे एकच मिली. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच, रंग जवळपास एकच, चव गोडच. शेजारीण सांगते, आमच्या पिंट्याला दोन मिली दिलं होतं. तिनं सिरप दिलेलं असतं. ही ड्रॉप्समधून दोन मिली ओढते. झाले २०० मिलिग्रॅम, चौपट. आणि मग दर चार तासांनी.

मावशी : बाई गं.

निनाद : एकदा चुकलं तर बहुधा निभावतं. दोन दिवस चुकत राहिलं तर यकृतावर बेततं. आणि घरात कुणी सर्दीचं औषध चालू केलं असेल, त्यातही पॅरासिटामॉल असतं, ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

मावशी : आम्ही बाटलीचं झाकण मापाला वापरायचो.

निनाद : झाकण नको, चमचाही नको. बाटलीबरोबर ड्रॉपर येतो तोच, नाहीतर सुई नसलेली सिरिंज. आणि तुझ्या गोळीच्या तुकड्यांबद्दल सांगतो. मार्च २०१९ मध्ये हैदराबादच्या नामपल्लीत लसीकरणाच्या दिवशी काय झालं, ते तुला आठवतं का?

मावशी : वाचलं होतं. औषध बदललं गेलं.

निनाद : पेंटा दिली, आणि तापाची म्हणून जी गोळी आयांच्या हाती दिली ती पॅरासिटामॉलची नव्हतीच. ट्रामाडॉल होती. मोठ्या माणसांच्या भयंकर वेदनेवर देतात ते अफूच्या जातीचं औषध. दोन बाळं गेली. कितीतरी मुलांना निलोफर रुग्णालयात न्यावं लागलं. आणि पहिल्या दिवशी सगळे म्हणत होते, लसीनं झालं.

मावशी : ...लसीचंच नाव येतं. कायम लसीचंच नाव येतं. पोराला आदल्या दिवसापासून जुलाब असले तरी नाव लसीचं.

निनाद : म्हणून सांगतो, सरसकट प्रत्येक हातात गोळी देण्यालाही किंमत असते. जितक्या जास्त हातांत, तितकी चूक व्हायला जागा जास्त.

मावशी : यावर मी वाद घालत नाही. बाळाला गोळी देणं बंदच व्हावं. ड्रॉप्स द्यावेत, सगळ्या उपकेंद्रांवर एकाच ताकदीचे, आणि ड्रॉपरवर अर्ध्या मिलीची रेघ ठळक. पण तू मला सांग, ताप डोक्यात गेला, आकडी आली तर? आमच्याकडे बायकांना सगळ्यात जास्त धास्ती त्याची.

निनाद : तापाची आकडी साधारण सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना येते. दीड महिन्याच्या बाळात ती भीती फारशी नाही. आणि मोठ्या मुलांतही तापाचं औषध आधी देऊन आकडी नक्की टळते, असा भरवसा नाही. आकडी रोखायची म्हणून पॅरासिटामॉल देणं, हे आम्ही डॉक्टरच वर्षानुवर्षं करत आलो. त्याला बळकट आधार नाही.

मावशी : आणि नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाला? त्याच दिवशी तुम्ही काय, आम्ही काय, सगळेच औषध देतो.

निनाद : त्याचा तर काहीच उपयोग नाही. गोवराच्या लसीतला विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला. तो अंगात वाढायला वेळ घेतो. त्याचा ताप, पुरळ हे साधारण पाच ते बारा दिवसांनी येतात. लसीच्या संध्याकाळी त्याच्यासाठी औषध पाजायचं, आणि आठव्या दिवशी खरा ताप येतो तेव्हा लसीची कुणाला आठवणच नसते. मग दवाखान्यात जाऊन अँटिबायोटिक घेऊन येतात.

मावशी : हे मी सांगायचे. ‘आठवड्यानं अंग गरम लागेल, घाबरू नको,’ असं कार्डावर लिहूनसुद्धा द्यायचे. एवढं तरी माझं बरोबर होतं म्हण.

निनाद : तुझं बरंच काही बरोबर होतं. आयब्युप्रोफेन तू कधी दिलंस?

मावशी : नाही. सहा महिन्यांच्या आत नाहीच. ॲस्पिरिन तर पोरांना कधीच नाही. आणि ते निमेसुलाईड २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना बंद झालं तेव्हा पीएचसीतून खास सांगून गेले. तरी मेडिकलवाले देत होते, पटकन ताप उतरतो म्हणून.

निनाद : पटकन ताप उतरावा, ही हौसच मुळात गैर आहे. शंभर पूर्णांक सहा ताप, पण बाळ पितंय, हसतंय, शू करतंय, तर मी काहीच देत नाही. आणि अंग तेवढं गरम नाही, पण मांडीला हात लावू देत नाही, पीत नाही, कळवळतंय, तर मी देतो. थर्मामीटर बघून औषध द्यायचं नसतं, बाळ बघून द्यायचं असतं.

मावशी : आमच्याकडे कुठे होतं थर्मामीटर? आम्ही बाळच बघायचो.

निनाद : घे, म्हणजे यात तू माझ्या आधीच पास.

मावशी : आणि मांडीला? बायका हळद लावतात, बर्फ चोळतात, कुणी गरम कपड्यानं शेकतात.

निनाद : चोळायचं काहीच नाही. स्वच्छ गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं थोडा वेळ ठेवलं तर बरं वाटतं. गाठ राहिली तर काही आठवडे राहू शकते, आपोआप जाते. ताप असेल तर दुपट्यात गुंडाळायचं नाही, टोपडं काढायचं आणि वरचेवर अंगावर पाजायचं. फ्रिजच्या पाण्याच्या पट्ट्या नकोत, त्यानं बाळ कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो.

मावशी : आता एकच राहिलं. बरं, हा ताप लसीचा नसला तर? दीड महिन्याचं पोर. लस सकाळी दिली, पण ताप दुसऱ्याच कशाचा असेल तर आईला कसं कळावं?

निनाद : हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, खरं सांगतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, ही एरवी आमच्यासाठी धोक्याची घंटा. लसीनंतरच्या दोन दिवसांत आपण जरा सबुरीनं घेतो. पण ते दोन दिवस उलटले आणि ताप राहिला, किंवा आधी नव्हता आणि तिसऱ्या दिवशी आला, तर तो पेंटावर ढकलायचा नाही, बाळ दाखवायचं. आणि दोन दिवसांच्या आतसुद्धा काही गोष्टींना थांबायचं नाही. सलग तीन तास रडणं थांबत नाही, बाळ निपचित पडलंय, पांढरं-निळं दिसतंय, पिणंच सोडलंय, झटके आलेत. हे झालं की औषध, फडकं सगळं बाजूला ठेवून निघायचं.

मावशी : हे तुझ्या कागदावर आहे का?

निनाद : नाही.

मावशी : मग तो कागद काढ आणि हे लाव.

निनाद : तू सांग, मी लिहून घेतो. तुझ्याच भाषेत.

मावशी : लिही. ‘लसीला येताना काही पाजून आणू नका. अंगावर दूध तेवढं पाजा. रात्री अंग कढत लागलं आणि बाळ किरकिरं झालं, पिईना, तर सिस्टरनं सांगितलेल्या मापानं औषध द्या. माप ड्रॉपरनंच. एकदा दिलं की सहा तास परत नाही. दिवसातून चारच्या वर नाही. दोन दिवसांच्या पुढे ताप राहिला तर दाखवा.’ आणि मग ते निपचित पडलं, निळं पडलं, तीन तास रडलं ते सगळं. मोठ्या अक्षरात.

निनाद : ‘शेजारणीचं माप वापरू नका’ हेही घालू?

मावशी : घाल. आणि पुढची तारीख लिहायला जागा सोड. ती सगळ्यात वर.

निनाद : झालं. आता तुझं-माझं एकमत.

मावशी : कसलं एकमत? ज्या वाडीला अंधार पडल्यावर गाडी नाही, फोनला रेंज नाही, पावसाळ्यात ओढा भरला की वाट नाही, तिथल्या आईला मी वेगळं सांगणार. सकाळी अकराला लस झाली, दिवेलागणीला मोजून एक डोस दे. ताप असो नसो.

निनाद : दिवेलागणी म्हणजे सात. सहा-आठ तास होऊन गेलेले असतात तोवर.

मावशी : तुझ्या पोलंडवाल्यांना चालतं ना तेवढं?

निनाद : त्यांची लस वेगळी होती, हे तूच मघाशी मला सुनावलंस. आणि बाळ शांत झोपलेलं असेल, तर मी तेव्हाही देणार नाही.

मावशी : तू नको देऊस. तुझ्या पेशंटच्या दारात रिक्षा उभी असते.